आधी बूड, मग काठ, मग रंग

चिनीमातीच्या भांड्यांबद्दल प्रश्न पाठवा, असं मागच्या अंकात लिहिलं होतं. घरच्या कपबशीचे प्रश्न येतील असं वाटलं होतं, पण बहुतेक पत्रं हॉटेल आणि केटरिंगवाल्यांची आली. त्यांतली पाच इथे घेतली आहेत. वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या आमच्या दुकानातून चौतीस वर्षं लग्नामुंजींना भांडी भाड्यानं गेली. गेलेली भांडी परत आली की मोजायची, पुसायची आणि वापरातून बाद झालेली बाजूला काढायची, हे काम पहिल्यापासून माझ्याकडे होतं. नवी भांडी सगळी सारखीच सुंदर दिसतात. खरी ओळख पटते ती परत आल्यावर.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी आणि माझे दीर अलकापुरीत साठ माणसं बसतील एवढं रेस्टॉरंट सुरू करतो आहोत. टोमॅटोचं सार, मंचाव, मक्याचं सूप आणि दुपारच्या थाळीत ओसामण म्हणजे डाळीच्या पाण्याचं पातळ सार असं ठेवायचं आहे. दुकानात सगळे वाडगे पांढरेशुभ्र आणि सगळ्यांना पोर्सिलेनच म्हणतात. खरं पोर्सिलेन ओळखायचं कसं? केवढा वाडगा घ्यावा, आणि नग किती घ्यावेत?
— एक भगिनी, वडोदरा

उत्तर : वाडगा हातात आला की पहिल्यांदा उलटा करा. बुडाची जी गोल कड टेबलावर टेकते, तिच्यावर झिलई, म्हणजे वरचा काचेसारखा चकचकीत थर, नसते. भट्टीत भांडं त्याच कडेवर उभं असतं. तिथे झिलई असती तर वितळून खालच्या फळीला चिकटली असती. त्यामुळे आतली माती उघडी पाहायला मिळते ती फक्त तिथेच. त्या कडेला जिभेचं टोक लावा. जीभ ओढल्यासारखी चिकटली तर माती पाणी पिते आहे असं समजा. चारचौघांत जीभ लावायचा संकोच वाटत असेल तर शाईचा एक थेंब टाका, पाच मिनिटांनी साबणानं धुवा. डाग तसाच राहिला तर दुकानदार काहीही म्हणो, ते हॉटेलात चालणारं पोर्सिलेन नाही.

कारण असं. पोर्सिलेनमध्ये केओलिन म्हणजे पांढरी चिनीमाती, आणि फेल्डस्पार व क्वार्ट्झ ही दगडातली खनिजं असतात. साधारण १२५० ते १४०० अंश सेल्सियसला भाजताना फेल्डस्पार वितळून मातीतल्या बारीक फटी काचेसारखा भरून काढतो. चांगलं पोर्सिलेन आपल्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त पाणी शोषत नाही. कमी तापमानाला भाजलेली साधी पांढरी माती त्याच्या कितीतरी पट पाणी घेते. रोज दहा वेळा गरम पाण्यानं धुतलं की त्या बुडातून पाणी आत शिरतं, माती किंचित फुगते, वरची झिलई मात्र फुगू शकत नाही. मग केसासारख्या बारीक रेघांचं जाळं पडतं. त्या जाळ्यात साराचा रंग आणि तेल जाऊन बसतं, आणि ते परत निघत नाही. असा ओला वाडगा मायक्रोवेव्हमध्ये ठेवला तर वाडगा चटका देतो आणि सूप कोमटच राहतं. ते मातीत मुरलेल्या ह्याच पाण्यामुळे.

मागून टॉर्च धरून उजेड आरपार दिसतो का, ही परीक्षा बरेच जण सांगतात. ती पातळ कपाला ठीक आहे. हॉटेलसाठी मुद्दाम जाड केलेल्या वाडग्यातून उजेड येत नाही, म्हणून तो खोटा ठरत नाही. अशा मालात ताकदीसाठी अल्युमिनाही घातलेला असतो. त्यापेक्षा लाकडी चमच्यानं हळूच वाजवून पाहा. खणखणीत वाजला तर ठीक. बद्द वाजला तर कुठेतरी तडा आहे.

आता काठ. माझ्याकडे बाद झालेल्या भांड्यांत सगळ्यात मोठा ढीग कायम काठाचे टवके उडालेल्यांचा असायचा. मधोमध फुटलेली भांडी त्या मानानं थोडी. वाडगा वाडग्यावर आपटतो, नळाच्या तोटीवर आपटतो, आणि दर वेळी मार काठालाच बसतो. काठ बाहेरच्या बाजूला किंचित गोल वळवलेला आणि जाडसर असेल तर तो मार सोसतो. पातळ, धारदार काठ पहिल्या महिन्यात देखणा दिसतो. टवका उडालेला वाडगा गिऱ्हाइकापुढे ठेवू नका. तिथली माती उघडी पडते, ती नीट धुतली जात नाही, आणि ओठ कापतो.

मापाबद्दल. दुकानदार सांगतो ते काठोकाठ भरल्यावरचं माप. काठापासून बोटभर खालीच सूप वाढता येतं, नाहीतर वाढप्याचा अंगठा त्यात बुडतो. म्हणून दुकानात मापाचा पेला आणि पाण्याची बाटली घेऊन जा. तुम्हाला १८० मिलिलिटर वाढायचं असेल तर २५० मिलिलिटरचा वाडगा घ्यावा लागेल. थाळीतल्या ओसामणाला तो नको. तिथे १२० ते १५० ची वाटी पुरते, आणि थाळीत मावतेही.

पसरट वाडगा फोटोत फार छान दिसतो, पण सूप निवतं ते वरच्या पृष्ठभागातून. पसरट म्हणजे पृष्ठभाग जास्त, म्हणून ते लवकर थंड. साराला खोलगट वाडगाच हवा. शिवाय थंड वाडगा स्वतःच उष्णता खातो. तीनशे ग्रॅमच्या थंड वाडग्यात ८५ अंशांचं १८० मिलिलिटर सार ओतलं, तर वाडगा तापवण्यातच साराचे पंधरा-वीस अंश खर्ची पडतात. आचाऱ्यानं उकळतं सार दिलं तरी टेबलावर ते बेताचंच गरम पोचतं आणि बोल आचाऱ्याला बसतो. वाडगे गरम कपाटात ठेवा, नाहीतर गरम पाण्यातून काढून पुसून वाढा. फ्रिजमधून काढलेल्या वाडग्यात मात्र उकळतं काही ओतू नका.

दुकानात आणखी दोन गोष्टी करून पाहा. तुम्ही जो चमचा वापरणार तोच घरून न्या आणि रिकाम्या वाडग्याच्या काठाशी टेकवून ठेवा. वाडगा कलला किंवा चमचा आत बुडाला तर ही जोडी जमणार नाही. मग बारा वाडगे एकात एक रचा आणि रचलेला ढीग हातानं किंचित हलवा. डगमगला तर मोरीवर पडणारच. रचताना वरच्याचं बूड खालच्याच्या आतल्या झिलईवर घासतं, म्हणून बुडाच्या कडेवरून बोट फिरवा. खरखरीत लागलं तर पॉलिश करून द्यायला सांगा, किंवा दुसरा माल बघा. चांगले कारखाने ही कड घासून गुळगुळीत करूनच पाठवतात.

नगांचं सांगायचं तर साठ खुर्च्यांतले चाळीस जण एका वेळी सूप मागतील असं धरा. चाळीस टेबलावर, चाळीस धुण्यात आणि गरम होण्यात. त्यावर वीस खोक्यात. म्हणजे शंभर. आणि विकत घेताना साच्याचा नंबर पावतीवर लिहून घ्या, दोन वर्षांनी हाच वाडगा मिळेल का तेही विचारा. टेबलावर तीन तऱ्हेचे वाडगे आले की जेवायला बसलेल्याला लगेच कळतं की इथे फुटतं फार.

प्रश्न : माझी शाकाहारी केटरिंगची छोटी पेढी आहे. परवा एका जैन घरी मेनू ठरवायला गेलो, तर आजींनी विचारलं, ‘तुमच्या कपात हाडं तर नाहीत ना?’ माझ्याकडे बोन चायनाचे कप आहेत. मला उत्तर देता आलं नाही. खरंच त्यात हाडं असतात का?
— एक तरुण व्यावसायिक, मांजलपूर

उत्तर : असतात. आजींनी योग्य तेच विचारलं. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात लंडनजवळच्या बो इथल्या कारखान्यात मातीत हाडांची राख मिसळायला सुरुवात झाली. शतकाच्या शेवटी स्टोक इथल्या जोसाया स्पोड यांच्या कारखान्यात त्याचं आज चालतं ते प्रमाण बसलं: जवळजवळ निम्मी राख, बाकी चिनीमाती आणि दगडाची पूड. ही राख गुरांची हाडं भट्टीत जाळून, पांढरी करून दळलेली असते. तिच्यामुळे कप पातळ असूनही चिवट होतो आणि दुधासारखा, किंचित पिवळसर झाक असलेला पांढरा दिसतो.

काही जण सांगतात की हजार अंशांवर जळल्यावर त्यात प्राण्याचं काही उरतच नाही, फक्त खनिज राहतं. रसायनाच्या दृष्टीनं ते बरोबर आहे. पण आजींनी तुम्हाला रसायन विचारलं नव्हतं. ज्या घरात कांदा-लसणासाठी वेगळी पातेली असतात, तिथे हा निर्णय यजमानांचा. तुम्ही फक्त खरं सांगायचं. आमच्याकडे मुंजीला, पर्युषणानंतरच्या पारण्याला भांडी जायची, त्यामुळे आम्ही बोन चायना वेगळ्या खोलीत, वेगळ्या रंगाच्या क्रेटमध्ये ठेवायचो आणि गिऱ्हाइकाला आधीच सांगायचो. एकदाही कोणी रागावलं नाही. उलट पुढच्या कार्याला तीच माणसं परत यायची.

पोर्सिलेनमध्ये हाडांची राख नसते. स्टोनवेअर म्हणजे दगडासारखी कडक भाजलेली माती आणि ओपल म्हणजे दुधी काच, यांतही सहसा नसते. बाजारात ‘न्यू बोन चायना’ नावाचाही माल मिळतो. नावात बोन असलं तरी त्यात सहसा राख नसते. पण नावावर जाऊ नका, विक्रेत्याकडून तसं लिहून घ्या. गुजरातेत शाकाहारी केटरिंग करायची तर नवी खरेदी सरळ पोर्सिलेनचीच करा. असलेले बोन चायनाचे कप विकून टाकायची गरज नाही, जिथे हरकत नाही तिथे ते चालतील.

प्रश्न : लग्नात चारपाचशे पाहुण्यांना उभ्यानं चहा आणि सूप द्यायचं असतं. चिनीमाती फुटते म्हणून भागीदार मेलामाइनचं घ्या म्हणतो. तुमचं मत काय? आणि कप कसा निवडावा?
— एक केटरर, वडोदरा

उत्तर : मेलामाइनच्या ताटलीत ढोकळा, कोशिंबीर, काकडी खुशाल द्या. गरम सूप आणि चहा नको. सत्तर अंशांच्या वर, आणि त्यातही टोमॅटोसारख्या आंबट पदार्थात, मेलामाइन आणि फॉर्माल्डिहाइडचा अंश पदार्थात उतरू शकतो. चहा आणि सार दोन्ही त्या तापमानाच्या वरच असतात. शिवाय मेलामाइन म्हणून त्याहून हलक्या प्रतीचा, युरियापासून केलेल्या प्लास्टिकचा मालही विकला जातो, आणि डोळ्यांना फरक कळत नाही. न फुटणं ही एक सोय झाली. पाहुण्याच्या पोटात काय जातं ते तिच्याहून मोठं.

कपाचं बोलायचं तर मला आधी एक जुनी गोष्ट सांगू द्या. सुरसागर तलावाजवळ एक लग्न होतं, हिवाळ्यातलं, सकाळचं. आम्ही नुकतेच तीनशे कप नवे घेतले होते, स्वस्तात. एका वयस्कर पाहुण्यांनी कप उचलला आणि कपाचा कान त्यांच्या बोटात राहिला, कप चहासकट मांडीवर. भाजलं फार नाही, पण धोतर पिवळं झालं, आणि त्या गृहस्थांचा चेहरा मी विसरलेले नाही. मी घरी येऊन उरलेल्या सगळ्या कपांचे कान एकेक करून ओढून पाहिले. अकरा सुटले.

पुढे विद्यापीठाच्या फाइन आर्ट्समध्ये मातीकाम शिकणाऱ्या एका मुलीनं मला कारण समजावलं. कान वेगळ्या साच्यात होतो आणि माती अर्धवट ओली असताना पातळ मातीच्या घोळानं कपाला चिकटवतात. कप आणि कान सारखे ओले नसतील तर वाळताना दोन्ही वेगवेगळे आक्रसतात आणि जोडाशी बारीक चीर पडते. वरून झिलई चढली की ती चीर दिसत नाही. म्हणून जोडाच्या वर आणि खाली उजेडात तिरपं बघा. झिलईत बारीक खड्डा किंवा केस दिसला तर तो नग घेऊ नका. मग कप पाण्यानं भरून एका बोटानं उचला. कानातून बोट सहज जायला हवं, आणि गरम कपाला बोटाची मागची बाजू लागायला नको. बायकांच्या बांगड्या, हातातली पर्स, कडेवरचं मूल, हे सगळं धरून हा कप उचलायचा असतो.

चहाला १२० ते १५० मिलिलिटरचा कप पुरे. आपल्याकडे लग्नात चहा ‘अडधी’च, म्हणजे अर्धा कपच घेतात, आणि दोनदा घेतात. बशीकडे मात्र कोणी बघत नाही. गुजराती आजोबा आजही रकाबीत ओतून चहा पितात, आपल्याकडची जुनी माणसंही बशीतच फुंकर घालतात. नव्या पद्धतीची सपाट, मधे खाच असलेली बशी त्यांच्या कामाची नाही, चहा काठावरून सांडतो. बशी खोलगट घ्या, अर्धा कप तरी मावला पाहिजे. दुकानात हेही पाण्यानं करून बघा.

उभ्यानं सूप द्यायचं तर वाडगा नको. एका हातात ताटली, दुसऱ्या हातात चमचा, वाडगा कशानं धरायचा? कान असलेला रुंद कप घ्या, १८० ते २०० मिलिलिटरचा, त्यात १२० वाढा. पिऊनही संपवता येतो. वजनाचाही विचार करा. असे पाचशे कप सव्वाशे किलोच्या घरात जातात, त्यात क्रेट वेगळे. कप्पे असलेले क्रेट महाग पडतात, पण फूट तिथेच वाचते. पंगतीत चिनीमाती फारशी फुटत नाही. ती फुटते पहाटे दोनला, थकलेली मुलं टेम्पोत भरतात तेव्हा. त्या वेळी तिथे तुमचा एक माणूस उभा हवाच, आणि त्याला त्या रात्रीचं दुसरं काम देऊ नका.

प्रश्न : आमची सेव-उसळची गाडी होती, आता छोटं दुकान घेतलं. स्टीलऐवजी चिनीमातीचे वाडगे घेतले. वर्षभरात आत काळपट रेघा आल्या आणि काहींवर लालसर जाळं दिसतं. घासून जात नाही.
— एक वाचक, वडोदरा

उत्तर : हे दोन वेगळे दोष आहेत. काळपट रेघा म्हणजे तुमच्या स्टीलच्या चमच्याचा धातू झिलईवर उतरलेला आहे, झिलई फुटलेली नाही. खाण्याच्या सोड्याची घट्ट पेस्ट करून मऊ फडक्यानं चोळा, बऱ्याचशा जातील. पण त्या पुन्हा का येतात ते बघा. तारेची घासणी, राख, वाळू यांनी घासलं की झिलई खरखरीत होते आणि मग ती चमच्याचा धातू खरवडून घेते. भांडी घासणाऱ्या बाईंना तारेची घासणी देऊच नका, त्यांचा त्यात काही दोष नाही.

लालसर जाळं म्हणजे उसळीवरची तरी. झिलईला बारीक चिरा गेल्या आहेत आणि तेल-तिखट त्यात मुरलं आहे. ते वाडगे बाद करा. त्यांच्या बुडाला शाईचा थेंब लावून बघा, माती पाणी पिणारी निघेल असं मला वाटतं. सेव-उसळीला वाडगा आतून पांढरा आणि चकचकीतच हवा, तरीचा रंग त्यातच खुलतो. पण एवढ्या तिखट-तेलाच्या पदार्थाला पूर्ण भाजलेल्या पोर्सिलेनशिवाय काही टिकत नाही. बजेट नसेल तर स्टील पुन्हा काढा. आमच्या वडोदऱ्याच्या सेव-उसळीला स्टीलच्या वाटीनं कधी कमीपणा आलेला नाही.

प्रश्न : हॉटेलचं नाव आणि लाल-सोनेरी नक्षी छापून हवी आहे. चालेल का?
— एक वाचक

उत्तर : चालेल, पण बाहेरून, आणि काठापासून २० मिलिमीटर खाली, हे छापणाऱ्याला लिहून द्या. तोंड लागतं तो पट्टा कोरा हवा. वाडग्याच्या आत काही नको.

झिलईवर चिकटवलेली नक्षी पुन्हा साधारण ७५० ते ८५० अंशांना भाजतात. बोट फिरवलं की ती किंचित उंच लागते. भांडी धुण्याच्या मशीनच्या तीव्र साबणानं ती काही महिन्यांत फिकी पडते. झिलईच्या खाली किंवा झिलईत उतरवलेला रंग टिकतो, तो महाग पडतो, आणि हॉटेलला तोच घ्यावा. लाल, केशरी, पिवळ्या रंगांत कॅडमियम आणि काहींत शिसं असू शकतं. प्रयोगशाळेत ४ टक्के ॲसेटिक आम्लात २४ तास ठेवून हे तपासतात, तो अहवाल पुरवठादाराकडून मागा. घरी पांढऱ्या व्हिनेगरमध्ये रात्रभर नक्षी बुडवून ठेवा. रंग उतरला तर माल परत करा. मात्र रंग उतरला नाही म्हणून शिसं नाही असं होत नाही, त्याला अहवालच लागतो.

सोनेरी कड मायक्रोवेव्हमध्ये ठिणग्या टाकते. तुमच्या स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह असेल तर सोनं छापू नका. निळं छापा. निळा कोबाल्टचा असतो, झिलईखाली मोठी भट्टी सोसतो, आणि साराच्या लाल रंगाशेजारी शोभूनही दिसतो.